रुमालाखालचा भाव

मामांच्या खिशातला रुमाल घाम पुसायचा नव्हता. चिकूचा भाव ठरवायचा होता. तो समोरच्या व्यापाऱ्याच्या हातावर टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबायची आणि चेहरा मात्र बारशाला आल्यासारखा ठेवायचा. ही रीत बाजारातून केव्हाच उठली होती. मामांच्या हातातून उठली नाही. डहाणू स्टेशनबाहेर भाडं ठरवतानाही ते आधी रुमाल काढत. रिक्षावाला ओरडे, "मामा, तोंडाने बोला, हात हँडलवर आहे!"

तलासरीच्या शाळेत नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहायचे. मामा चिकूचे दलाल. बागवाला आणि व्यापारी यांच्या मध्ये उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला. "मध्ये माणूस हवा," ते म्हणत. "दोघं सरळ भेटले की भांडतात." हा नियम घरातही चाले. मामी समोर असताना मला सांगत, "मास्तरीण, आमटी अळणी आहे, असं वर कळव." मामी म्हणे, "वरून उत्तर आलंय. मीठ ताटातच आहे, डोळे उघडून बघा."

त्यांचा नितीन चिकूचा धंदा सोडून बंगळुरूला एका परदेशी संगणक कंपनीत गेला, तेव्हापासून बापलेकांच्या मध्येही मीच. फोन मला यायचा. "बाबांना विचार, गुडघा कसा आहे." "त्याला सांग, जागेवर आहे."

मग त्या कंपनीने शेअरबाजारात उतरायचं ठरवलं, आणि तेही भलत्याच रीतीने. नितीन रजेवर आला होता. ती संपली की कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात जायचा होता. त्याआधी बाबांनी आपल्याशी एकदा बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. तेही त्याने मलाच सांगितलं. जेवताना तो मला समजावू लागला, आवाज मात्र मामांना पोचेल एवढा. इतर कंपन्या मोठ्या बँकांना मध्ये घेतात. त्या आधी भाव ठरवतात, गिऱ्हाईक जमवतात. यांनी तसं कुणीच घेतलं नव्हतं. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी थेट विकायला आणायचे, घेणाऱ्यांनी घ्यायचे, भाव पडेल तो पडेल.

मामांचा घास हातात राहिला. "मास्तरीण, त्याला विचार, माल पडून राहिला तर कुणाच्या नावाने बोंबलायचं?"

"सांग, आमच्याच."

"रुमालसुद्धा नाही?"

"सगळं उघड्यावर, सांग."

मामा मामीकडे वळले. "ऐकलंस? पोरगं उघड्यावर पडलं."

दोन दिवसांत ही बातमी चारोटीपर्यंत पोचली. वापीचा एक व्यापारी म्हणाला, "मामा, दीकराए तो तमारी ज दुकान बंध करी!" लेकानेच बापाचं दुकान बंद केल्याच्या या थट्टेवर एरवी पहिले हसणारे मामा त्या दिवशी हसले नाहीत.

शेअर उतरायचा त्या संध्याकाळी नितीन ओटीवर फोन घेऊन बसला. तिकडे बाजार उघडला, पण भाव येईना. मामा आधी आतबाहेर करत राहिले. मग त्याच्याशेजारी बसले आणि मला म्हणाले, "त्याला सांग, घाबरू नको म्हणावं. मोठ्या मालाला गिऱ्हाईक उशिरा हात घालतं."

जेवणं उरकली, ताटं उचलली, आणि भाव आला. चांगला आला. नितीनने फोन माझ्यापुढे धरला. "दाखव त्यांना."

"पाणी आणते," म्हणून मी उठले. परत वळणार, तोच दारातच मामीने माझा दंड धरला. "थांब गं. आता मध्ये नको जाऊस."

आम्ही आतून पाहत होतो. मामा बराच वेळ फोनकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि नितीनच्या हातावर टाकला. खाली बोटं हलली. एकदा, पुन्हा एकदा. नितीनचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळे भरून आले.

"चेहरा सांभाळ, गाढवा," मामा त्याला म्हणाले. "भाव फुटतो."

मामा पुढच्याच वर्षी गेले. नितीन आला, सगळं करून परत निघाला, तेव्हा मामीने तो रुमाल धुऊन, घडी घालून त्याच्या हातात दिला. स्टेशनवर त्याला सोडताना मी विचारलं, "त्या दिवशी खाली काय ठरलं रे?"

त्याने चेहरा सांभाळला.