हेक्झेनची खोली

बी.एस्सी. झाल्यावर धम्मशीलाला झरीजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं भरडलेल्या सोयाबीनमधलं तेल हेक्झेननं काढत. मागे राहिलेल्या पेंडीत किती तेल उरलंय, हे ती प्रयोगशाळेत तपासायची. तेही हेक्झेननंच.

हेक्झेन तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. सहा कार्बन एका ओळीत, त्यांना चिकटलेले चौदा हायड्रोजन. पाण्यासारखंच नितळ, पण पाण्यात न मिसळता वर तरंगणारं. एकोणसत्तर अंशांना उकळतं आणि त्याची जड वाफ जमिनीलगत साचते. खोली लहान. तराजूवर धूळ बसू नये म्हणून एकुलती एक खिडकी स्क्रूनं बंद केलेली. पेट्रोलसारखा तो वास तिला महिन्याभरात जाणवेनासा झाला.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी ती घरात शिरली आणि आई, कडूबाई, ओरडलीच.

"अगं, एक चप्पल कुठाय तुझी?"

धम्मशीलानं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी, टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. फाट्यापासून ती तशीच चालत आली होती.

परभणीच्या डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. "कळतंय?"

"न्हाई."

काम काय करता, हे विचारून घेतल्यावर ते म्हणाले, "हेक्झेनमुळं नसा मरायला लागल्यात. ते आधी थांबवा."

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरसमोर उभी राहिली. "सर, हेप्टेन मागवा. सात कार्बनचं. त्यानं नसांना एवढं होत न्हाई. न्हाई तर खिडकी तरी उघडा."

"पद्धत बदलली तर रिपोर्ट कोण मानणार?"

"मग मला सोडा."

"करार तीन वर्षांचा आहे. तोवर तुमची मूळ सर्टिफिकेटं इथंच राहतील."

त्या दुपारी तिनं स्वतःच खिडकीचे स्क्रू काढले. दोन दिवस वारा आला. तिसऱ्या दिवशी खिडकीवर लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती.

हातात काही धरलंय की नाही, हे आता तिला बघून कळायचं. एकदा भरलेली बाटली निसटली. हेक्झेन टेबलाखाली पसरलं, वर विजेची शेगडी तापत होती. ती धडपडत बाहेर पळाली आणि व्हरांड्यातला मेन स्विच पाडला. आग लागली नाही, पण मॅनेजर पांढराफटक पडला. तासाभरात त्यानं सर्टिफिकेटं तिच्या हातात ठेवली. "उद्यापासून येऊ नका."

सुटले, असं तिला वाटलं. पण बधिरपणा थांबला नाही. दोन महिने तो गुडघ्यापर्यंत चढत गेला. डॉक्टर म्हणाले, "विष बंद झालं तरी नसा काही दिवस मरतच राहतात. मग येतील हळूहळू. सगळ्या येतीलच असं नाही." सकाळी ब्लाउजचे हूक कडूबाई लावून द्यायची. धम्मशीला भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

आता गहू निवडताना बोटांना खडा कळतो. पावलं अजून तशीच बधिर आहेत. परभणीच्या एका शाळेतून प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी बोलावणं आलंय. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे, वर जायला फक्त जिना.

"जायचं का गं?" कडूबाई रोज विचारते.

"बघू," ती म्हणते. अजून तिनं होकार कळवलेला नाही.