फोन ठेवला होता, तक्रार नाही

ॲड. शैलजाताई तोडकर यांची आणि माझी पहिली भेट बीडला ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात झाली. ताई पहिल्या रांगेत होत्या. मी दाराजवळ होतो, कारण भाषण लांबले तर निसटता यावे. व्यासपीठावर एका विमा कंपनीचे अधिकारी पडद्यावर आलेख दाखवत होते. आपल्या जिल्ह्यातले, दावा फेटाळलेलेसुद्धा, जवळजवळ सगळे तक्रारदार समाधानी आहेत, असे कंपनीने विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाला कळवले होते आणि आता ते आम्हालाही कळवत होते.

मी हादरलो. वर्तमानपत्रात टवाळकी लिहून पोट भरणारा मी माणूस. माझा धंदाच जिल्ह्याच्या असमाधानावर चालतो. इथे लग्नातल्या वरणावर वऱ्हाडी समाधानी नसतात, बांधावरून भाऊ समाधानी नसतात, निवडून आलेला माणूससुद्धा नसतो. आणि दावा फेटाळला गेलेले लोक तेवढे समाधानी?

ताई उठल्या. "साहेब, समाधान मोजता कसं?"

"फोन करून विचारतो, मॅडम."

"आणि लोक काय म्हणतात?"

"चांगलंच बोलतात."

"हं," म्हणून ताई खाली बसल्या. साहेबांना वाटले, प्रश्न संपला.

पुढे धारूरचे यासीनभाई मेकॅनिक ताईंकडे आले. शॉर्टसर्किटने त्यांचे गॅरेज जळाले होते. विमा होता, पण गॅरेजात वेल्डिंग चालते हे आधी सांगितले नाही, म्हणून कंपनीने दावा फेटाळला. सलूनमध्ये कात्री निघाली म्हणून एखाद्याला धक्का बसावा, तसा कंपनीला बसला होता. ताईंच्या ज्युनिअरने विचारले, "पॉलिसी वाचली नव्हती का, चाचा?" ताईंनी फाइलमधून मान वर न करता म्हटले, "तू मोबाइल घेतलास तेव्हा त्याच्या अटी वाचल्या होत्यास का?" तीस वर्षांच्या वकिलीत 'वाचली नव्हती का' हा प्रश्न त्यांनी एकाही अशिलाला विचारलेला नाही. ताईंच्या मायेचे याहून मोठे प्रमाणपत्र मला ठाऊक नाही.

यासीनभाईंनी आधी कंपनीकडे केलेल्या तक्रारीचे काय झाले, हे ताईंनी लेखी विचारले. उत्तर आले: तक्रारदाराचे समाधान झाले आहे, नियामकाला तसे कळवले आहे.

"माझं?" यासीनभाई म्हणाले. "कवा?"

ताईंनी जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाव्याचे पैसे आणि ती नोंद बदलणे, अशा दोन्ही मागण्या केल्या आणि कंपनीच्या त्या फोनचे रेकॉर्डिंग मागवले. मी मुद्दाम ऐकायला गेलो होतो. एका मुलीचा भरभर आवाज आला: आपकी शिकायत पर निर्णय हो चुका है, क्या आप संतुष्ट हैं? मागे हातोड्याची ठोकाठोक. मग यासीनभाई: "हां जी, हां जी. मेहेरबानी."

कंपनीचे वकील हसले. "आभार मानलेत त्यांनी."

"आमच्याकडे राँग नंबर लागला तरी माणूस मेहेरबानी म्हणूनच फोन ठेवतो," ताई म्हणाल्या. "यांनी फोन ठेवला होता, वकीलसाहेब. तक्रार नाही."

खरा धक्का बाहेर व्हरांड्यात बसला. वकीलसाहेबांनी निरोप आणला: कंपनी पूर्ण दावा द्यायला तयार आहे. अट एकच, नियामकाकडे गेलेल्या अहवालातली यासीनभाईंची नोंद बदलण्याची मागणी सोडायची. मी थक्क झालो. पैसे सुटत होते, पण 'समाधानी' हा शब्द सुटत नव्हता. एक नोंद खोटी ठरली की बाकीच्यांचेही फोन ऐकावे लागतील, ही भीती.

मी आवेशाने म्हणालो, "यासीनभाई, माघार घेऊ नका."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. "गॅरेज तुमचं जळालंय का?"

यासीनभाई चपलेकडे बघत म्हणाले, "ताई, लोकाच्या गॅरेजात हेल्परकी करून लई दिवस झाले. माझं उघडू द्या. बाकीचं तुमी बघा."

ताईंनी त्यांना तडजोडीच्या पुरशिशीवर, म्हणजे आयोगाला द्यायच्या लेखी कबुलीवर, सही करू दिली आणि वकीलसाहेबांना तिथेच सांगितले, "अट यांनी मान्य केलीय. मी नाही. यांचं नाव न घेता बाकीच्यांसाठी मी येणार."

तशा त्या आल्याही. ग्राहक संघटनेच्या वतीने गावोगाव फिरून, दावा फेटाळूनही समाधानी ठरलेली माणसे त्यांनी शोधली. तलवाड्याला एका बाईंची म्हैस मेली होती आणि दावा बुडाला होता. त्यांना कंपनीच्या मुलाने मराठीत विचारले होते, "समाधान आहे का?" बाई म्हणाल्या, "हाय की. रानात गेलाय." समाधान हे त्यांच्या धाकट्या दिराचे नाव. कंपनीने लगेच नोंद केली. ताईंनी हे सांगितल्यावर मी हसलो, आणि मग हसू तोंडातच राहिले. इतकी वर्षे मी विनोद लिहितो. हा मला सुचला नसता, आणि हा तर नियामकाच्या दप्तरी अधिकृत आकडा होऊन बसला होता.

या सगळ्या जबान्या जोडून ताईंनी नियामकाकडे अर्ज केला आहे: फेटाळलेल्या दाव्यांतल्या प्रत्येक समाधानी माणसाचा फोन पुन्हा ऐका आणि अहवाल दुरुस्त करायला लावा. उत्तर आले आहे. अर्ज विचाराधीन आहे. ताईंनी ते वाचले, तारीख टाकली आणि स्मरणपत्र लिहायला घेतले.

आज ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. अशा वेळी दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे. मी मात्र ते रीत म्हणून चिंतत नाही. ताईंचा रक्तदाब, गुडघे आणि डोळे उत्तम राहोत, कारण तो अर्ज अजून विचाराधीन आहे, आणि अर्जदारच राहिला नाही तर अशा अर्जाचे काय होते, हे आपण सगळे जाणतो. ताई, तुम्ही टिका. निदान त्यांचा विचार पूर्ण होईपर्यंत. म्हणजे शंभरी सहज गाठाल.