नवऱ्याकडे पाहुणी

माझी नात गेल्या वर्षी नवऱ्याकडे ऑस्ट्रेलियाला गेली, ती पाहुणी म्हणून. नातेवाइकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कुणाला पटत नव्हतं. औशाच्या माझ्या नणंदेनं तर फोनवर विचारलं, "वैनी, लग्न झालंय का नुसतं ठरलंय?"

लग्न लातूरला चारचौघांत झालं होतं. नातजावई रजा काढून आला होता, रजा संपली तसा परत गेला. नात नांदेडला आमच्याच घरी राहून शाळेत शिकवत राहिली. नवऱ्याजवळ कायमचं राहायला वेगळा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज केला होता, पण उत्तर यायला वर्ष लागेल, जास्तही लागेल, असं एजंटनं सांगितलं. तोवर शाळेच्या सुट्टीत भेटीच्या व्हिसावर जाऊन येता येतं. फक्त सगळं खरं सांगायचं आणि मुदत संपायच्या आत परत यायचं. तिथंच बसून राहिली तर कायमच्या व्हिसाचंच काम बिघडायची भीती.

भेटीचा व्हिसा आला आणि सुनेनं बॅग भरायला घेतली. लेकीची पाठवणी राहून गेली, हे तिच्या मनात सलत होतं. दोन दिवसांत तिनं लग्नाचा शालू, सहा साड्या, पितळी डबे, पोळपाट-लाटणं, माहूरच्या देवीचा फोटो आणि पोरीची पहिलीपासूनची सर्टिफिकिटं बॅगेत कोंबली. वर ओटीचे तांदूळ आणि नारळ. मी खाटेवर बसून बघत होते.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"लेकीला लावून द्यायले, आत्याबाई. रिकाम्या हातानं पाठवू काय?"

"ती नांदायला न्हाई जायली. सुट्टीला जायली. सुट्टीला जाणारं माणूस पोळपाट नेतं का?"

"तिकडं चांगला मिळत न्हाई."

"तिथल्या विमानतळावरच्या साहेबानं बॅग उघडून विचारलं, बाई, परत कवा जाणार, तर काय सांगंल ती? पोळपाट झिजल्यावर?"

नात हसली. सून हसली नाही.

माझ्या मुलाचं आणखी निराळं. तो म्हणाला, "साहेबानं इचारलं तर मैत्रिणीकडं चालले म्हण. नवऱ्याचं नाव काढलं की शंका घेत्यात."

"लग्नाच्या बाईनं नवरा लपवायचा? तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

"बाबा, अर्जात मी नवराच लिहिलाय," नात म्हणाली. मग तो उठून बाहेर गेला.

बॅग मी रिकामी करायला लावली. चार कपडे, नवऱ्यासाठी दोन शर्ट आणि शाळेचं रजेचं पत्र, एवढंच ठेवलं. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं, म्हातारीला काही हौस नाही. हौस मला होती. पण मीही एकदा नवऱ्याकडे पाहुणी म्हणून गेले होते, म्हणून मला ठाऊक होतं.

माझं सासर औशाजवळच्या खेड्यात. नवरा नांदेडला कापडाच्या गिरणीत कामाला. मी सासू-सासऱ्यांपाशी शेतात. तो पंचमीला आणि दिवाळीला यायचा. घरात माणसं भरपूर, त्यामुळे दिवसा आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. तो पाणी माग म्हणून धाकट्या नणंदेला सांगायचा आणि मी नणंदेच्या हातात तांब्या द्यायचे. दोन वर्षं असं चाललं. मग त्यानं सासऱ्यांना म्हटलं, हिला आठ दिवस पाठवा.

सासूला धास्ती, शहरात गेलेली सून परत येत नाही. सुगी तोंडावर आली होती, घरात हात पाहिजे होते. ती म्हणाली, "जायचं तर जा. पेटी हितंच ऱ्हाऊ दे. दोन लुगडी घे. पाव्हणी म्हणून जायलीस, पाव्हणीवानी ये."

मला राग आला होता. पण गेले. लातूरला बस बदलून नांदेडला उतरले, तर हा स्टँडवर उभा. शर्ट धुतलेला, पण भुवयांत कापूस अडकलेला.

खोली पत्र्याची. तिच्यात तो आणि गिरणीतलाच एक जण राहायचे. तो भला माणूस वळकटी घेऊन दुसरीकडे झोपायला गेला. चूल नव्हती, वातीचा स्टोव्ह होता. त्यावर पहिल्या दिवशी भाकरी केली ती खालून काळी, वरून कच्ची. शेजारीण देगलूरकडची होती, निम्मं मराठी, निम्मं तेलुगू बोलायची. तिनं दारातून विचारलं, "कोण गं तू, अम्मा?"

"ह्यांच्याकडं पाव्हणी आलेय."

"अन् गळ्यात मंगळसूत्र कुणाचं?"

"ह्यांचंच."

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिची पोरं बघायला आली. नंतर तिनंच मला स्टोव्हची वात कमी-जास्त करायला शिकवली.

माझा नवरा बोलका आहे, हे मला नांदेडला कळलं. गिरणी सुटली की तो मला गोदावरीच्या घाटावर न्यायचा. पायऱ्यांवर बसून मुकादम कसा चालतो, कुणाला कशी शिवी देतो, ते करून दाखवायचा. मी मोठ्यानं हसायचे. घरी तसं हसले असते तर सासूनं विचारलं असतं, काय झालं. एक दिवस आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो. सगळ्यांबरोबर एका ओळीत. नवऱ्याच्या शेजारी बसून जेवायची माझी ती पहिली वेळ. डाळ कशी होती आठवत नाही. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता, तेवढं आठवतं.

आठवडा संपला तसा तो म्हणाला, "ऱ्हा की. तब्येत बरी न्हाई म्हणून कार्ड टाकतो."

राहायचं तर मला होतंच. तरी सकाळच्या बसमध्ये बसले. तो खिडकीपाशी उभा होता, मी बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते. घरी सासूनं दारात मला वरखाली न्याहाळलं, "आलीस व्हय," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी हातात विळा दिला. सुगी उरकली तशी तीच सासऱ्यांना म्हणाली, "हिला नांदेडला लावून द्या. पोराच्या जेवणाचे हाल व्हायलेत." मी नांदेडला आले ती आजतागायत इथंच आहे. गिरणी बंद पडली, नवरा गेला. त्या खोलीपाशी आता मोबाईलची दुकानं आहेत.

नातीची मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी मी शेंगा निवडत असताना तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आजी, इथले लोक म्हणायलेत, आलीच आहेस तर राहा. वकील लावून काहीतरी होईल."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, तू ठरव."

"अन् एजंट?"

"तो म्हणतो, तुझ्या व्हिसाची मुदत वाढत न्हाई. ये." मग म्हणाली, "तू का परत आलीस गं तवा? सासूच्या धाकानं?"

"धाक होताच. पण मला कायमचं जायचं होतं, म्हणून परत आले. चोरून राहिले असते तर सारखं दाराकडं बघत राहावं लागलं असतं."

"मला जमंल का?"

"मला काय माहीत. तुझा नवरा, तुझं तिकीट."

मी फोन सुनेला दिला. सून रडली. मी शेंगा निवडत बसले, पण त्यात लक्ष नव्हतं. खवटसुद्धा चांगल्यात टाकल्या.

ती आली. माझा मुलगा हैदराबादच्या विमानतळावरून तिला घेऊन आला. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. जेवली आणि झोपली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोलावलं नाही. पाचव्या दिवशी शाळेत जाताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "विमानात बसेपर्यंत तुला शिव्या दिल्या."

"मी सासूला सुगीभर दिल्या," मी म्हणाले.

कायमच्या व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही. रोज सकाळी शाळेच्या आधी ती ओट्याशी उभी राहून त्याच्याशी फोनवर बोलते. आधी नुसतं हळू हळू बोलायची. आता मला न्हाणीपर्यंत ऐकू येतं. काल ती त्याला म्हणत होती, "लोखंडी तवा साबणानं घासतंय का कुणी? अक्कल आहे का?" तिकडून तोही काहीतरी तडकून बोलला. सून घाबरून माझ्याकडे आली, "आत्याबाई, भांडायलेत हो दोघं."

"भांडू दे," मी म्हणाले. "पाव्हण्याशी कुणी भांडत नसतं."

आणि तिला डबा भरायला पाठवलं, पोरीला शाळेला उशीर होत होता.