कळ हातात, दुखणं मानेत

मोठ्या जाऊबाई रहिमतपूरहून साताऱ्याला आल्या तेव्हा मी दिवसभराचे पेशंट उरकून नुकती टेकले होते. मी फिजिओथेरपिस्ट. घरची माणसं बाकीचे सगळे उपाय थकले की माझ्याकडे येतात. जाऊबाईंच्या उजव्या हातावर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत बिब्ब्याचे डाग होते.

"अंगठ्याला मुंग्या येत्यात. धार काढताना सड सुटतोय हातातनं. म्हस बी लाथ झाडाय लागलीया."

मी मान तपासायला घेतली.

"अगं, हात दुखतोय! मान कशाला बघतीस?"

"हाताच्या नसा मानेतूनच निघतात."

"तुमा शिकल्याल्यांचं कायबी."

बोलता बोलता त्यांनी उजवा हात डोक्यावर ठेवला आणि दचकून खाली घेतला.

"असा ठेवला की बरं वाटतं?"

"लय. पर आत्याबाई वरडत्यात. म्हणत्यात, कुणाचं मढं बघायचंय तुला?"

डोक्यावर हात ठेवून बसणं आमच्या घरात अशुभ. सासूबाईंच्या धाकानं त्या इतके दिवस कळ सोसत होत्या. मानेच्या मणक्यांमधून निघणारी एक नस दंडाच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते. मणक्यांमधली गादी सरकून ती दबली, की दुखतो हात. हात डोक्यावर घेतला की नसेवरचा ताण कमी होतो.

मग मी त्यांना मनगट वर ताणून धरायला सांगितलं. दोन बोटांनी दाबलं, तर खाली गेलं. नुसत्या मुंग्या असत्या तर व्यायाम सांगून मी आडवी झाले असते. इथे ताकद जात होती.

"उद्या सांगलीला जायचं. एमआरआय काढू, सर्जनना दाखवू. वैरणीचा भारा डोक्यावर घेणं आजपासून बंद."

"आन् धार?"

"भाऊजी काढतील."

"फौजेतनं आल्यापास्नं म्हशीला हात लावला न्हाई त्यांनी."

मी स्पीकरवर फोन लावला. सगळं ऐकून मोठे दीर म्हणाले, "ती माझ्याजवळ हुबी ऱ्हात न्हाई. पान्हा चोरती."

"जाऊबाईंची साडी अंगावर घेऊन बसा. हात कायमचा लुळा पडला तर रोजच बसावं लागेल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात, "कुठली साडी?"

"दांडीवरची हिरवी," जाऊबाई फोनजवळ वाकून ओरडल्या. "आन् धुतल्याली न्हवं, मळकी घ्या! वास वळखती ती."