थोरल्याच्या हाताची निब

आमच्या भाऊजींकडे शाईची चौऱ्याहत्तर पेनं आहेत आणि लिहायला काहीच नाही. हे मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षीच त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा पेनं अकराच होती. भाऊजी रागावले नाहीत. म्हणाले, खरं आहे वहिनी, आणि बारावं पेन धुवायला घेतलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात. पुढे डोळे तपासणारे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून एकेक काच बदलत विचारतात, "हे बरं की हे?" आणि मागे भाऊजी ओल्या चाकावर काच धरून बसलेले असतात. पस्तीस वर्षं झाली. लग्नाचा विषय निघाला की 'बघू' म्हणायचे. आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, अजून बघतायत. राहतात आमच्याच घरात वरच्या खोलीत, जेवायला खाली येतात.

त्यांच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आहे आणि शेजारी दुकानातून मोडीत आलेलं चष्म्याच्या फ्रेम ठेवायचं कपाट. उथळ खण, आत हिरवं मऊ कापड. त्यावर पेनं एका ओळीत झोपवलेली. ऊन लागून तपकिरी पडलेली जुनी काळी पेनं, पोटात रबराची पिशवी असलेली, शेपूट फिरवलं की शाई ओढून घेणारी. नवीही आहेत. पारदर्शक नळीची, आत शाई हलताना दिसते अशी. भाऊजी जुन्या-नव्यात भेद करत नाहीत. दर रविवारी चार पेनं बाहेर काढतात, भरतात आणि प्रत्येकानं एक पान लिहितात. काय लिहितात? बसचं वेळापत्रक. कायम तेच. मी विचारलं तर म्हणाले, मजकुराशी काय करायचंय, पेन चाललं पाहिजे.

एकदा मी केर काढायला वर गेले होते. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि एका निबेचं टोक दाखवलं. नुसत्या डोळ्यांना तिथे मोहरीच्या दाण्याहूनही लहान ठिपका दिसत होता. भिंगातून पाहिलं तर तो ठिपका मधोमध चिरलेला होता, दोन्ही अर्धुकं एकमेकांना जेमतेम टेकलेली, आणि त्या चिरेत निळी शाई ताठ उभी होती. पडत नव्हती. मी श्वास धरून बघत राहिले. माणूस जन्मभर जे काही लिहितो ते एवढ्याशा फटीतून बाहेर येतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. केर तसाच राहिला. खाली येऊन मात्र मी म्हटलं, कामधंदे नाहीत तुम्हाला. उगाच डोक्यावर बसायला नकोत.

आता यांच्याबद्दल. हे म्हणजे माझे यजमान, भाऊजींचे थोरले भाऊ. वस्तुसंग्रहालयात लेबलं लिहायचे. काचेच्या पेटीत मडकं असतं ना, त्याच्यापुढे ठेवलेलं ते कार्ड. वस्तू कोणती, कशाची, किती जुनी, स्थिती कशी. छपाईची यंत्रं आली तरी साहेब यांच्याकडूनच लिहून घेत, इतकं अक्षर सुंदर. बोलणं मात्र मोजकं. घरात काही सांगायचं असलं तर हे पहाटे फिरायला जाण्याआधी माझ्या कपाच्या बशीखाली चिठ्ठी ठेवत, तीही लेबलासारखी. "छत्री. काळे कापड. एक काडी मोडलेली. स्थिती : नेण्यासारखी." आमचं भांडण झालं असेल तर, "नवरा. वापरलेला. स्थिती : पश्चात्ताप." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

भाऊजींची एकच इच्छा होती. खणांना पितळी चौकटी होत्या, लेबलं सरकवायच्या. त्या रिकाम्याच होत्या. थोरल्यानं आपल्या हातानं प्रत्येक पेनाचं लेबल लिहून द्यावं. हे म्हणायचे, "लिहू रे, कुठे पळून चाललीत?" निवृत्त झाल्यावरही तेच. आईनं वाटणी बरोबर केली, याला पेनं दिली आणि मला अक्षर, अशी भावाची थट्टाही करायचे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी यांचा उजवा हात कपापर्यंत पोचलाच नाही.

दवाखाना, इंजेक्शनं, मग दोन महिने व्यायाम. पाय आला. जीभ जड राहिली, पण कान देऊन ऐकलं तर कळतं. हात तेवढा आला नाही. बोटं मिटतात, मनगट आत वळलेलं, आणि वर थरथर. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा. यांनी बॉलपेन घेतलं. ते दाबल्याशिवाय उमटत नाही आणि दाबायला बळ नव्हतं. कशीबशी एक ओळ ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि कागद पालथा घातला. डाव्या हाताने करून बघा, असं मी सुचवलं. यांनी शब्द जुळवत सांगितलं, "ते अक्षर माझं नाही." त्यानंतर पेनाला शिवले नाहीत.

बशीखाली काही नसायचं. मी रोज कप उचलून बघायची, नाही हे ठाऊक असून. त्या रिकाम्या बशीवर मी किती वेळा रडले ते मलाच माहीत.

भाऊजी म्हणाले, शाईचं पेन दाबावं लागत नाही, स्वतःच्या वजनावर चालतं. मग त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात मऊ पेन निवडलं आणि ते आणखी गुळगुळीत केलं. यांना टेबलाशी बसवलं. निब कागदाला लागली आणि सुटलीच. कागदावरून टेबलक्लॉथवर, तिथून यांच्या सदऱ्यावर. यांनी पेन भिरकावलं. ते टोकावर पडलं. मला वाटलं आता भाऊजींच्या डोळ्यात पाणी येणार, पण त्यांनी ते उचललं आणि वर गेले. दोन दिवस जेवणात मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चूक माझी आहे, वहिनी. जो येतो त्याला मी निब गुळगुळीत करून देतो, मला तेवढंच येतं. दादाचा हात थरथरतोय आणि मी त्याला ओल्या फरशीवर चालायला सांगितलं."

कागदानं निबेला जरा धरून ठेवायला हवं होतं. पण किती आणि कुठल्या बाजूनं, ते कळायला तो हातच कळायला हवा. तेव्हापासून भाऊजी संध्याकाळी यांच्या शेजारी पेपर घेऊन बसू लागले. पेपर उघडा, नजर यांच्या हातावर. मग ते स्वतः तसं लिहायला लागले. मनगट आत, बोटं मिटलेली, खांदा उचललेला. बसचं वेळापत्रक तसं, घरातली यादी तशी, दुकानातल्या कामाच्या पावत्याही तशाच. मालकानं चार दिवस पाहिलं आणि घाबरून त्यांना सरळ दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तपासून हात ठणठणीत असल्याची चिठ्ठी दिली. ती घेताना भाऊजींनी सही पुन्हा वाकड्या हातानंच केली. मी हसले खरी, पण रात्रीच्या जेवणाला घास उचलतानाही त्यांचं मनगट वळलेलं पाहिलं आणि माझं हसू गेलं. हा माणूस आपल्या भावाचं दुखणं अंगावर घालून बघत होता.

तेविसाव्या दिवशी ते खाली आले. दादाचा हात निबेला डाव्या कडेवर टेकवतो, आणि थरथरला की ती आणखी डावीकडे कलते, म्हणाले. टोक रुंद हवं, तिरकं कापलेलं, किंचित खरखरीत. त्यासाठी टोकावर भरपूर धातू पाहिजे. तेवढा धातू असलेली निब त्यांच्याकडे एकच होती.

ती मला माहीत होती. सगळ्यात खालच्या खणातली. एक स्टेशनरीचं दुकान बंद होताना मिळालेलं जुनं पेन, सोन्याची निब, खोक्यासकट, वरची कागदी पट्टीसुद्धा तशीच. साठेक वर्षांत त्यात शाईचा थेंब गेला नव्हता. भाऊजींनी बावीस वर्षं ते नुसतं पाहिलं. कोरं पेन मिळणं म्हणजे काय हे इतर पेनवाले त्यांना सांगत, आणि दूरदूरचे लोक ते बघायला यायचे. मी म्हटलं, भाऊजी, दुसरी कुठलीतरी घ्या. ही घासली की गेली.

"घासलेलं परत येत नाहीच," ते म्हणाले. "पण मी तरी तिनं काय लिहिणार होतो? बसचं वेळापत्रक?"

त्यांनी ती निब काढून एका नव्या, जाड आणि हलक्या पेनात बसवली, यांच्या मिटल्या मुठीत मावेल अशा. निबेखालची शाई पुढे आणणारी जीभ बसेना, तर गरम पाण्यात मऊ करून बसवली. मग घासणं. एका रविवारी बारीक पॉलिश-कागदावर दोन हात, जास्त नाही. धुणं, भिंगातून बघणं, वाकड्या हातानं एक ओळ लिहून बघणं. मग खाली येऊन यांच्या हातात देणं. पहिल्यांदा यांनी तोंड फिरवलं. भाऊजींनी कागदाची दोन पानं पुढे सरकवली आणि दुकानातल्यासारखं विचारलं, "हे बरं की हे?" एक गुळगुळीत, एक जरा खडबडीत. यांनी वैतागून दोन्हींवर रेघ मारली आणि दुसऱ्याकडे बोट केलं. असे नऊ रविवार गेले. रेघ मारताना हात कापायचाच, पण रेघ कागदावरून पळेनाशी झाली. निब थरथर गिळत होती. मी उभी राहून बघायची. सोन्याच्या निबेच्या मोहरीएवढ्या टोकावर एका भावानं दुसऱ्याचा हात कोरला होता.

दहाव्या रविवारी यांनी जुन्या कामातली उरलेली कार्डं मागितली आणि आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. भाऊजी एकच कप पुसत होते. अर्धा तास, तास. मी दोनदा उठले, दोन्ही वेळा त्यांनी मानेनं नको म्हटलं. अकराच्या सुमाराला यांची काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

टेबलावर कार्ड होतं. शाई अजून ओली.

"निब. सोने. वय सुमारे साठ. आजवर कोरी. घडवणारा : धाकटा भाऊ. वापरणारा : थोरला. स्थिती : चालू."

अक्षर पूर्वीचं नव्हतं. प्रत्येक अक्षर अडखळून उभं राहिलं होतं, ओळ उताराला लागली होती. पण अक्षर यांचंच. हजार कागदांत ठेवलं असतं तरी मी ओळखलं असतं. मी पदर तोंडाशी नेला आणि मनसोक्त रडले. हे खिडकीबाहेर बघत बसले, पेन मुठीत तसंच.

भाऊजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. भिंग काढेनात. शेवटी म्हणाले, "तिसऱ्या ओळीत जरा ओढतेय. दोन हात मारले की..."

"भाऊजी," मी म्हटलं, "या निबेला परत हात लावलात तर आजपासून तुमचं ताट वर."

त्यांनी भिंग खिशात घातलं.

ते कार्ड आता खालच्या खणाच्या पितळी चौकटीत आहे. खणात पेन नाही, ते खाली यांच्या कपाशेजारी असतं. उरलेल्या त्र्याहत्तर पेनांपैकी आजवर सहांची लेबलं झाली. भाऊजी जिन्यात उभे राहून सातव्याची वाट बघतात. मी मात्र एक नियम घालून दिलाय, आधी बशीखालची चिठ्ठी, मग लेबल.