रानी कलरची खोली

माझ्या दिराइतकं डोळ्यांनी लोकांना छळणारा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. भावजी परदेशीपुऱ्यातल्या एका मिलच्या रंगाई खात्यात होते. मिल बंद पडली, भोंगा बंद झाला, पण यांचं खातं काही बंद झालं नाही. खिशात कायम सुतळीत ओवलेली चिंध्यांची जुडी, त्यांच्या हातून रंगलेल्या प्रत्येक रंगाचा एकेक तुकडा. लग्नाला गेले की जेवायच्या आधी नवरीच्या शालूला जुडी लावून बघणार. सकाळी पोह्यांची बशी दिली तर ती खिडकीपाशी उन्हात धरणार आणि म्हणणार, "वहिनी, आज हळद एक छटा कमी." मी म्हणायची, "खायचे आहेत ते, नेसायचे नाहीत." मला चौथीपर्यंतच्या शाळेत सात रंग शिकवले होते, भावजींकडे नुसते पांढरेच सात होते. माझे यजमान गेले तेव्हा घर रडत होतं, आणि हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वहिनी, दादाच्या कापडात नीळ जास्त आहे." मी रडायची थांबले. त्यांनी बाजारात जाऊन दुसरं कापड आणलं, तोवर सगळी माणसं उन्हात उभी. शिव्या द्यायच्या होत्या, पण खरं सांगते, पहिलं कापड निळसरच होतं.

असल्या माणसाच्या घरात पोराची खोली रंगवायची म्हणजे काय होणार ते समजून घ्या. भावजींच्या सुहासने चाळिशीला आल्यावर लग्न केलं. बायको, वृषाली, नोकरीची, समजदार. तिला पहिल्या नवऱ्यापासूनची सहा वर्षांची मुलगी, सई. ती हाटपिपल्याला आजीकडे वाढत होती. शाळेचं वर्ष संपलं की पोर इकडे आणायची ठरली. पण आजीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "पहिल्या रविवारपर्यंत बघते. पोर रुळली नाही तर घेऊन जाईन." वृषाली त्यावर एकच वाक्य बोलली, "मग मीपण जाईन." सुहासचा चेहरा पांढरा पडला. भावजींच्या सातांपैकी कोणता पांढरा ते मला सांगता येणार नाही.

सईची अट एकच होती. खोली रानी कलरची पाहिजे. रानी कलर म्हणजे तो गडद गुलाबी, लग्नाच्या साड्यांचा. भावजी खूश झाले. रंगाच्या दुकानातलं कार्ड त्यांनी बाजूला सारलं. "यातल्या नावांवरून रंग कळतो का? रानी मी जन्मभर रंगवलाय." स्नेहलतागंजातल्या आमच्या घरात कैलाश पेंटर आला. भावजींनी भिंतीवर रानीचे अकरा ठिपके काढायला लावले. सकाळच्या उन्हात बघितले, दुपारी पडदा लावून बघितले, ट्यूबलाइट लावून बघितले. कैलाश म्हणाला, "बाबूजी, ग्यारह के ग्यारह एक जैसे हैं." भावजी त्याला म्हणाले, "भिया, तू डोळे कुठे गहाण टाकून आलास?" शेवटी सातवा ठिपका पास झाला. खोली अशी भडक झाली की मला आत जाताना पदर डोळ्यांवर घ्यावासा वाटला.

सोमवारी पोर आली. दारात उभी राहिली, खोली बघितली आणि म्हणाली, "ही रानी नाहीये." मग जाऊन दाराबाहेरच्या ओट्यावर बसली. पायात बूट, पाठीला दप्तर. जेवली बूट घालून, आईजवळ झोपली तीही बूट घालून. वृषालीने काढायला हात लावला तर पाय पोटाशी घेतले. सगळ्यांना कळलं, ही पोर जायच्या तयारीतच बसली आहे.

भावजी दुखावले. "ही नाहीये म्हणते! मला!" मंगळवारी त्यांनी रंग गडद करवला. पोर दारापर्यंत आली, मान हलवली, परत ओट्यावर. बुधवारी निळसर झाक दिली. "नाहीये." गुरुवारी कैलाशने ब्रश खाली ठेवला. "बाबूजी, अब तो दीवार भी थक गई." घरात कुणी कुणाशी धड बोलेना. सुहास ऑफिसातून दर तासाला फोन करून एकच विचारायचा, "बूट काढले का?" मी एकदा सांगितलं, "तूच येऊन बघ, मी काही चौकीदार नाही." नंतर वाईट वाटलं, पण म्हटलं ते म्हटलं.

शुक्रवारी भावजी ओट्यावर पोरीच्या शेजारी जाऊन बसले. खिशातली जुडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती जुडी त्यांनी बायको होती तेव्हा तिच्याही हातात कधी दिली नव्हती. पोर एकेक तुकडा उलटत गेली. गुलाबी गेले, डाळिंबी गेले, अबोली गेले. शेवटाकडे एक मातकट तुकडा आला, जास्त दूध पडलेल्या चहासारखा. तो तिने गालाला लावला. "असाच. थोडा असा."

भावजी म्हणाले, "अगं, हा कुठला रानी?"

"रानी अशीच असते."

मग मीच विचारलं, "आणखी कशी असते गं रानी?"

"तिचे कान काळे असतात."

वृषालीने कपाळाला हात लावला. "अगंबाई! आईकडची गाय! पण तिला तर सगळे तांबू म्हणतात."

"मी रानी म्हणते," पोर म्हणाली. "तिला माहितेय."

दुसरा कुणी असता तर हसून, नाहीतर रडून मोकळा झाला असता. भावजींनी विचारलं, "पाठीचा रंग की पोटाचा?" पोरीने जरा विचार केला. "पोटाचा. मी तिथे टेकून बसते ना." भावजी उठले, चपला घातल्या. "हा तुकडा जुळत नाही म्हणतेय. बघून यायला पाहिजे."

आणि शनिवारी सकाळच्या बसने हा माणूस गाईचा रंग जुळवायला हाटपिपल्याला गेला. पुढचं मला सईच्या आजीनेच सांगितलं. गोठ्यात कुणी म्हातारा पाठमोरा गाईच्या पोटाशी वाकून चिंध्या लावतोय हे बघून तिला वाटलं ढोरांचा डॉक्टर आला. तिने विचारलं, "काय झालंय हिला?" तर हे वर न बघता म्हणाले, "काही नाही. जरा उन्हात घ्या हिला, सावलीत खरा रंग कळत नाही." आजीने गाय उन्हात घेतली. मग चेहरा दिसला, तेव्हा कळलं, हे तर व्याही. चहा झाला. भावजी निघाले तेव्हा आजी म्हणाली, "उद्या मी येत नाही. रंग वाळू द्या."

शनिवारी दुपारी भावजींनी स्वतः बादलीत रंग कालवला. कैलाश बादलीत बघून म्हणाला, "बाबूजी, ये तो मिट्टी है. बच्चे के कमरे में कौन करवाता है?" भावजी म्हणाले, "तू हात चालव." रविवारी भिंत वाळली. पोर दारात आली, बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली, बुटांचे बंद सोडले, आत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. सुहास स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला. भावजी दारातून म्हणाले, "पिवळा किंचित जास्त झालाय."

याला आता दीड वर्ष झालं. आलेले पाहुणे विचारतात, पोरीची खोली अशी शेणामातीची का रंगवली. आम्ही काही सांगत बसत नाही. भावजी थकलेत, लग्नांना जाणं सुटलं. पोहे अजून खिडकीपाशी नेतात, पण उन्हात बशी धरताना हात हलतो, मग सई बशीला खालून हात लावते. जुडीतला तो मातकट तुकडा मात्र गेलाय, त्या जागी सुतळीला गाठ आहे. मी एकदा म्हटलं, "भावजी, तुमचा एक रंग हरवला." ते म्हणाले, "हरवला नाही, वहिनी. पोरीच्या उशीखाली आहे."

परवा घरात कुणी नव्हतं. मी त्या खोलीत गेले आणि त्या भिंतीला पाठ लावून बसून बघितलं. भिंतच होती. गार. तरी चहाची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसले.