मायच्या सायकलीसाठी रॅक

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराच्या गॅलरीत एक काळा लोखंडी सांगाडा आहे. त्याचे दोन हात पुढं आलेले आहेत आणि त्यांवर माय तिची लुगडी वाळत घालते. घरी आलेल्या बायका विचारतात, हा स्टँड कुठून घेतला? तो स्टँड नाही. मोटारहोमच्या मागच्या दाराला लावून सायकली न्यायचा तो रॅक आहे आणि तो मी स्वतः निवडला होता.

मोटारहोम म्हटलं की लोकांना काहीतरी श्रीमंती थाट डोळ्यांसमोर येतो. आमची म्हणजे एका शाळेनं वापरून सोडलेली जुनी गाडी. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून तिच्यात पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. गाडी तयार झाल्यावर मायनं आत डोकावून पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिऱ्हाडच हाय की हे. निसतं घोडं नाय."

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. माझ्या लहानपणी आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. सुगी सरली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं रानं फिरायची. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखत मिळतं म्हणून, आणि बदल्यात धान्य द्यायचे. वडील मेंढरांच्या मागं असायचे. बिऱ्हाड मोडणं, घोड्यावर लादणं आणि पुढच्या मुक्कामाला पोचून चूल पेटवणं हे बायांचं काम. भांडी, जातं, पीठ, कोंबड्या, सगळं लादून झालं की सगळ्यात वर मला बसवायचं आणि माय लगाम धरून पुढं चालायची.

गंगापूरच्या पुढं नदीच्या अंगाला एक मळा होता. दर वर्षी आम्ही तिथं महिनाभर मेंढरं बसवायचो. तिथल्या मालकीणबाईंना माय आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणते. मी सहा वर्षांची असताना आक्कांनी त्यांच्या मुलींबरोबर मला शाळेत नेऊन बसवलं. बिऱ्हाड हलायची वेळ आली तेव्हा त्या मायला म्हणाल्या, "पोरगी राहू दे माझ्यापाशी. उन्हाळ्यात घेऊन जा." मायनं घोडं लादलं. माझ्या जागेवर एक कोकरू बसवलं आणि ती निघाली. मला आठवतं, तिनं मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी मी आश्रमशाळेत गेले, मग वसतिगृहात, मग इंजिनीअरिंगला. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पदवी घेतलेली मी पहिली. आज चितेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते, ती त्या एका हिवाळ्यामुळं.

वडील गेल्यावर मेंढरं विकली आणि माय माझ्याकडं आली. मग तिचे गुडघे गेले. जन्मभर चाललेली बाई जिना उतरून वाण्याच्या दुकानापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, भार न टाकता पाय हलते ठेवा. आम्ही सकाळच्या फेरफटक्यासाठी दोन इलेक्ट्रिक सायकली घेतल्या होत्या, मधला दांडा नसलेल्या, बुटक्या. त्यातली एक मायनं ताब्यात घेतली. काष्ट्याचं लुगडं असल्यामुळं तिची काही अडचण झाली नाही. शिकताना पडले ते मी, तिची सीट धरून पळताना. महिन्याभरात ती भाजी घेऊन यायला लागली.

तर गाडी तयार झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, "मामी, पहिली चक्कर कुठं मारायची?"

माय म्हणाली, "आक्काकडं. पर सायकल नेणार असाल तर."

कारण आक्कांचा मळा डांबरी रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत आहे आणि ती काळ्या मातीची गाडीवाट आहे. आमची गाडी तिथं रुतली असती. नवरा म्हणाला, "फाट्यावरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून जाऊ."

"पाठीमागं बसून नाय जायचं मला. आक्कानं मला कधी कुणाच्या मागं बसलेली बघितली नाय. तसं जायचं आसल तर मी हितंच बरी."

ती रागानं बोलत नव्हती. शांतपणे सांगत होती, आणि म्हणूनच मला कळलं की सायकली गाडीवर चढल्या नाहीत तर माय येणार नाही.

आत सायकली मावत नव्हत्या. पलंग आणि ओटा यांच्यामधून माणूसच आडवं होऊन जातं. म्हणून रॅक हवा होता. मी कामाला लागले. रोज दुसऱ्यांनी मोजलेलं तपासणारी मी. घरीही तक्ता केला. दारावर अडकवायचा, टपावरचा, मागं चौकटीला जोडायचा, असे तीन प्रकार. दारावरचा सगळ्यात सोपा होता. खोक्यावर लिहिलं होतं, तीन सायकली, पंचेचाळीस किलो. आमची एक सायकल तेवीस किलोची. बॅटऱ्या काढल्या की दोन्ही मिळून चाळीस. बसतंय, असं म्हणून मी तो मागवला.

तो घेऊन आम्ही चितेगावातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडवर गेलो. तिथले मिस्त्री आमच्या कारखान्याची किरकोळ कामं करतात, म्हणून ओळखीचे. त्यांनी खोकं फिरवून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "मॅडम, तीन सायकल में पैंतालीस, तो एक में कितना?"

"पंधरा," मी म्हणाले, आणि म्हणतानाच चूक लक्षात आली. हे साध्या सायकलींसाठी होतं. प्रत्येक सायकलीची जागा पंधरा किलोची, आणि मी तिथं वीस टांगणार होते. शिवाय ते वजन पेलणार कोण, तर पातळ पत्र्याचं दार आणि दोन बिजागऱ्या.

"कंपनी में भी ऐसाच चेकिंग करते क्या?" मिस्त्रींनी विचारलं. नवरा दुसरीकडं बघून हसला. तो रॅक त्या दिवशीच गॅलरीत गेला.

नवऱ्याला टप आवडला होता. माय म्हणाली, "जावईबापू, वर चढवणार कोन?"

"मी आहे ना."

"तुमी नसले म्हंजी? माजं वझं मी लादीन. आजपस्तोर दुसऱ्यानं नाय लादलं."

म्हणजे टपही गेला. राहिला तिसरा प्रकार: खाली गाडीच्या चौकटीला पक्का जोडलेला, मागं आडवा असणारा पाट, त्यात चाकांसाठी दोन पन्हळी आणि सायकल ढकलत वर न्यायला एक घडीची फळी. मिस्त्रींनी जमिनीवर खडूनं तो काढून दाखवला. मागचं दार पूर्ण उघडायला हवं म्हणून त्यांनी पाट दारापासून बराच लांब काढला होता.

माय खुर्ची ओढून त्या चित्रापाशी बसली. "लई मागं जातंय," ती म्हणाली.

"अम्मा, दरवाजा खुलना ना."

"दाराचं काम काय? बाजूला दुसरं हायच की. ह्यातून निसता पलंगाखालचा कप्पा उघडतो. घोड्याच्या ढुंगणावर वझं टाकलं तर घोडं पुढचे पाय उचलतंय. गाडीला लागून घ्या."

मिस्त्रींनी चपलेनं रेघ पुसली आणि गाडीच्या जवळ नवी काढली. मी घरी येऊन कागदावर हिशेब केला. लांब टांगलेल्या वजनानं पुढच्या चाकांवरचा भार खरंच बराच कमी होत होता. माय शाळेची पायरी चढलेली नाही. मला त्या संध्याकाळी तिचा इतका अभिमान वाटला की पुढची चूक मी त्या अभिमानापायीच केली.

रॅक झाला. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात होते, म्हणून ते पाटाच्या कडेला पुन्हा बसवले. पहिल्या फेरीच्या दिवशी मायनं फळी टाकली आणि आपली सायकल हळूहळू वर ढकलली. एकदा दम घ्यायला थांबली, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग तिनं पिशवीतून दोर काढला. तो आमच्या घोड्याचा, लोकरीचा वळलेला जुना दोर होता. मिस्त्रींनी सायकलीला बांधायला खटक्याचे पट्टे दिले होते. माझी सायकल मी पट्ट्यानं बांधली. दुसरा पट्टा मी हातात धरून उभी होते. मायची बोटं दोरावर अशी चालत होती, की मध्ये बोलावंसं वाटेना. मी पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला.

वाळूजच्या रस्त्यावर आम्ही आठ-दहा किलोमीटर गेलो असू. एका गतिरोधकावर गाडी उसळली आणि थोड्या वेळात एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन हात करायला लागला. "ओ, सायकल लोंबायलीय तुमची."

मायची सायकल एका बाजूला कलंडली होती. चाक पन्हळीत होतं म्हणून ती पडली नव्हती, पण हँडल रस्त्याला घासून ब्रेकची मूठ तुटली होती. दोराचं टोक मोकळं लोंबत होतं. गाठ तुटली नव्हती, अलगद सुटली होती.

माय कडेला उभी राहून ते टोक हातात घेऊन बघत होती. "ही सुटायचीच गाठ हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"नदीत घोडं घसरलं, चिखलात बसलं, तर एका हिसक्यात समदं वझं खाली आलं पाहिजे. नायतर घोडं मरतं. घोड्यावर बसवलेलं लेकरूबी मरतं. म्हणून हीच मारायची. हाताला हीच येती." मग म्हणाली, "गाडीला काय करायचीय ही?"

आम्ही मायच्या सायकलीला पट्टा लावून परत आलो. घरी आल्यावर तिनं दोर खुंटीला टांगला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. फोनवर बोलतेच की मी आक्काशी." दोन दिवस ती खाली उतरली नाही. भाजी मी आणली. मला माझा राग येत होता. पट्टा माझ्या हातात होता. कारखान्यात एखाद्यानं असं केलं असतं तर मी सही केली नसती. घरात मात्र मी आदराच्या नावाखाली गप्प बसले होते. तिसऱ्या दिवशी मी तिला तेच सांगितलं, "माय, चूक तुझी नाही. तपासायचं काम माझं होतं."

"मंग तपासायचं ना," ती म्हणाली. पण चप्पल घालून माझ्याबरोबर चितेगावच्या शेडवर निघाली.

नवऱ्यानं गाडी आणि सायकल आधीच तिथं नेली होती आणि मिस्त्रींनी ब्रेकची मूठ बदलून ठेवली होती. मायला बघून त्यांनी मुद्दाम तो पट्टा पुढं केला. "अम्मा, घोडा गिरता. गाडी नहीं गिरती. इसकू ऐसा बांधने का के खुद अपने कू भी खोलने कू टाइम लगना."

त्यांनी खटका दाबून दाखवला. मायनं पट्ट्याच्या खटक्याची दांडी मागं-पुढं केली. टक, टक, टक. पट्टा ताठ होत गेला. तिनं सायकलीला धरून जोरात हिसका दिला. गाडी हलली, सायकल हलली नाही. तिनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. पाचव्या वेळी मिस्त्री म्हणाले, "बस करो अम्मा, घिस जाता." ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. या वेळी निघण्याआधी मी दोन्ही पट्टे ओढून बघितले, मग पुन्हा वाळूजच्या पुढं एकदा आणि गंगापुरात एकदा. माय गाडीतून ओरडली, "किती येळा बगशील?" पण तिला ते आवडत होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

फाट्यावर गाडी एका बाभळीखाली लावली. नवरा तिथंच थांबला. मायनं फळी टाकली, खटका मोकळा केला, सायकल मागं-मागं घेत खाली उतरवली. बॅटरी बसवली. पुढच्या टोपलीत एक घोंगडी ठेवली. आमच्या शेवटच्या मेंढरांच्या लोकरीची ती घोंगडी तिनं इतकी वर्षं कुणाला दिली नव्हती.

वाटेच्या एका अंगाला वेचून झालेला कापूस होता, दुसऱ्या अंगाला ऊस. मधल्या गवताच्या पट्ट्यावरून माय पुढं आणि मी मागं. चाकोरीत सायकल डुगडुगायची तेव्हा मी मागं ब्रेक दाबायचे. ती मात्र पाय टेकवून उभी राहायची, पुन्हा निघायची. एका ओढ्यापाशी उतरून तिनं सायकल हातानं धरून नेली, लगाम धरल्यासारखी डाव्या अंगाला.

आक्का ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. त्यांना आता फार दिसत नाही. सायकलीचा आवाज जवळ आला तसं त्यांनी कपाळावर हात धरला.

"कोन हाय?"

"मी हाय आक्का. मेंढरवाली."

आक्कांनी बाजेवर हातानं जागा केली. माय सायकल स्टँडला लावून, घोंगडी घेऊन त्यांच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं आक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे पाय गेले म्हनली होतीस ना फोनवर? मंग आलीस कशी? कोनी आनलं?"

"कोनी नाय," माय म्हणाली. "माजी मी आले. सायकलवर."

"सायकलवर?"

"व्हय. पोरीला इचार."

आक्का माझ्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांना मी धड दिसत नसावी. "तू आनलं का गं हिला?"

"नाही आक्का," मी म्हणाले. "मी मागून आले."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, ती सायकल इकडं जवळ आण. मी ती बाजेपाशी नेली. त्यांनी हँडलवर हात फिरवला, सीट चाचपली, घंटी सापडली तेव्हा एकदा वाजवली, आणि मायला विचारलं, "माज्यासारखीला ही किती दिवसांत येईल गं?"